ठरलेल्या वारी, ठरलेल्या झाडाखाली

गेल्या महिन्यात आमच्या वॉर्डात पंचावन्न वर्षांचे एक शेतकरी दाखल झाले. उजवा हात आणि पाय लुळे, वाचा गेलेली. रक्तदाब 210/120. बरोबर आलेल्या त्यांच्या पत्नीने पिशवीतून कागद काढायला सुरुवात केली. रेशनकार्डाची झेरॉक्स, आधार कार्ड, आणि त्यांच्यात घडीवर फाटत आलेली एक पिवळी चिठ्ठी. सव्वा वर्षापूर्वी त्यांच्या गावात झालेल्या मोफत आरोग्य शिबिराची ती चिठ्ठी होती. तिच्यावर रक्तदाब 170/100, एका गोळीचं नाव, पंधरा दिवसांची मात्रा आणि खाली सही. सही माझी होती.

ते शिबिर मला चांगलं आठवतं. मंडप, शाल-श्रीफळ, दीपप्रज्वलन, भाषणं. दिवसभरात आम्ही तिघा डॉक्टरांनी साडेतीनशेच्या वर माणसं तपासली आणि हा आकडा दुसऱ्या दिवशी बातमीतही आला. गोळ्या संपल्यावर कुठे जायचं, हे मी त्या गृहस्थांना सांगितलं होतं का, ते मात्र आठवत नाही. त्यांच्या पत्नीने सांगितलं की गोळ्या संपल्या, त्रास काही होत नव्हता, आणि डॉक्टर काही पुन्हा आले नाहीत. तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. यंदा पाऊस आला नाही, असं सांगावं तितक्या सहज तिने ते सांगितलं.

उच्च रक्तदाब दुखत नाही, हीच त्याची खोड. गोळीचा परिणाम साधारण एक दिवस टिकतो, म्हणून ती रोज घ्यायची असते, बहुतेकांना आयुष्यभर. पंधरा दिवसांची गोळी म्हणजे पंधरा दिवसांचं छप्पर. सोळाव्या दिवशी माणूस पुन्हा उघड्यावर. हे मी विद्यार्थ्यांना दरवर्षी शिकवते. तरीही ती चिठ्ठी माझ्याच हातची होती.

त्या रात्री घरी आल्यावर मला डॉ. आयडा स्कडर यांची आठवण झाली. वेल्लोरचं ख्रिश्चन मेडिकल कॉलेज उभं करणाऱ्या या बाईंचं नाव आपल्याकडे बऱ्याच जणांनी ऐकलेलं असतं. आजही महाराष्ट्रातून माणसं काटपाडी स्टेशनवर उतरून वेल्लोरला उपचारांसाठी जातात. पण माझ्या डोळ्यांपुढे ते मोठं रुग्णालय आलं नाही. आली ती वेल्लोर ते गुडियात्तम ही वाट, आणि तिच्या कडेला झाडाखाली बसलेली माणसं.

आयडा सोफिया स्कडर यांचा जन्म 9 डिसेंबर 1870 चा, मद्रास इलाख्यातल्या राणीपेटचा. आजोबा डॉ. जॉन स्कडर 1819 मध्ये अमेरिकेतून निघून आधी सिलोनला आणि नंतर मद्रासला आले. अमेरिकेने परदेशी पाठवलेल्या पहिल्या वैद्यकीय मिशनऱ्यांत त्यांची गणना होते. त्यांची मुलं, नातवंडं भारतातच कामाला लागली. चार पिढ्यांत मिळून या घराण्यातली चाळीसहून अधिक माणसं मिशनच्या कामात होती. आयडाचे वडील, धाकटे जॉन स्कडर, हेही डॉक्टर. पाच भावांच्या पाठीवर ही एकटी मुलगी.

ती सहा-सात वर्षांची असताना 1876 ते 1878 चा मोठा दुष्काळ पडला. आपल्या दख्खनलाही त्याने होरपळून काढलं. मद्रास इलाख्यात तर हाहाकार होता. देशभरातल्या मृत्यूंचे अंदाज पन्नास लाखांच्या पुढे जातात. स्कडरांच्या आवारात मुलांना भाकरतुकडा वाटला जायचा. काही मुलं इतकी खंगलेली होती की त्यांना हात तोंडापर्यंत नेता येत नव्हता. छोटी आयडा तुकडे मोडून त्यांच्या तोंडात घालायची. भूक म्हणजे काय, हे तिने आपल्याच वयाच्या मुलांच्या चेहऱ्यावर पाहिलं.

त्यातून तिला लगेच सेवेची ओढ लागली, असं मात्र झालं नाही. उलट झालं, आणि मला ते जास्त खरं वाटतं. 1878 मध्ये कुटुंब अमेरिकेला गेलं. पुढे वडील आणि नंतर आईही भारतात परतली, ही नातेवाइकांकडे राहिली. या विरहाचा तिला राग होता. मॅसॅच्युसेट्समधल्या नॉर्थफिल्डच्या शाळेत ती शिकली. देखणी, हसरी, खोडकर मुलगी. आपण स्कडर असलो तरी मिशनरी होणार नाही, अमेरिकेतच सुखाने राहायचं, हे तिने मनाशी पक्कं केलं होतं. 1890 मध्ये ती भारतात आली तीही फक्त आई आजारी होती म्हणून. आई बरी झाली की परत जायचं होतं.

मग तिंडिवनमची ती रात्र आली. आयडाबाईंनी पुढे आयुष्यभर ती अनेकांना सांगितली. रात्री घरी एक तरुण ब्राह्मण आला. त्याची बायको, अगदी कोवळ्या वयाची मुलगी, बाळंतपणात अडली होती. आयडाने वडिलांकडे बोट दाखवलं, डॉक्टर ते आहेत म्हणून. पण परक्या पुरुषाने बायकोला हात लावणं त्याला चालणार नव्हतं. तो निघून गेला. थोड्या वेळाने एक मुसलमान आला, तशीच विनवणी घेऊन. त्यालाही पुरुष डॉक्टर नको होता. आणि त्यानंतर तिसरा, पुन्हा एक हिंदू. तिघांना हवी होती बाई, आणि आयडाला तर काहीच येत नव्हतं. रात्रभर ती जागी राहिली. सकाळी अंत्ययात्रेचा ढोल ऐकू आला. नोकराला चौकशीला पाठवलं, तर तिन्ही बायका गेल्याचं कळलं.

तिघी कशाने गेल्या हे आता कोण सांगणार? अडलेलं बाळंतपण, रक्तस्राव, झटके, यातलं काहीही असेल. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीचं कटीर पूर्ण वाढलेलं नसतं, बाळाचं डोकं अडकतं आणि मग वेळ फार थोडा उरतो. आपल्या आनंदीबाई जोशींनी वयाच्या चौदाव्या वर्षी आपलं दहा दिवसांचं बाळ गमावलं आणि त्या दुःखातून त्या फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजात पोहोचल्या, 1886 मध्ये पदवीधर झाल्या. आयडानेही 1895 मध्ये डॉक्टरकीला प्रवेश घेतला तो याच कॉलेजात. आनंदीबाईंना मरून तेव्हा आठ वर्षं झाली होती. दोघींना त्या दारापर्यंत आणणारं कारण जवळजवळ एकच होतं. फरक एवढा, की आनंदीबाईंना काम करायला आयुष्यच मिळालं नाही, आयडाला जवळजवळ नव्वद वर्षं मिळाली.

न्यूयॉर्कच्या कॉर्नेलने आपलं वैद्यकीय महाविद्यालय स्त्रियांना खुलं केलं, तेव्हा आयडा शेवटच्या वर्षासाठी तिथे गेली आणि 1899 मध्ये डॉक्टर झाली. परतण्यापूर्वी वेल्लोरला बायकांचं रुग्णालय बांधायला पैसा उभा करायचा होता. शेल नावाच्या एका वृद्ध बँकरने दिवंगत पत्नीच्या स्मरणार्थ दहा हजार डॉलर दिले. मैत्रीण ॲनी हॅनकॉक हिच्यासह 1900 च्या सुरुवातीला ती भारतात पोहोचली. अनुभवी वडिलांच्या हाताखाली शिकत काम करू, अशी तिची कल्पना होती. त्याच वर्षी मे महिन्यात वडील कर्करोगाने गेले.

तिशीतली नवखी डॉक्टर, रुग्णालय नाही, सोबत कुणी अनुभवी नाही. घरातल्याच एका खोलीत तिने दवाखाना मांडला, एका खाटेचा. सुरुवातीला लोक बिचकत होते. हळूहळू येऊ लागले. स्वयंपाकघरात काम करणाऱ्या नोकराची बायको सलोमी हिला तिने हाताशी धरलं, आणि तीच तिची पहिली परिचारिका झाली. दोन वर्षांत सुमारे पाच हजार रुग्ण तपासले गेले. 1902 मध्ये चाळीस खाटांचं मेरी टेबर शेल रुग्णालय उघडलं.

इथपर्यंतची गोष्ट अनेक मिशन रुग्णालयांची आहे. आपल्याकडे मिरजेला डॉ. विल्यम वॉनलेस यांनी 1894 मध्ये असंच रुग्णालय सुरू केलं होतं. मला थांबायचं आहे ते पुढच्या गोष्टीपाशी.

रुग्णालय उघडल्यावर बाईंच्या लक्षात आलं की जे येतात ते येऊ शकणारे आहेत. बाकीचे येतच नाहीत. गाडीभाडं नाही, मजुरी बुडते, घरात म्हातारी सासू आहे, पायाला जखम आहे. ज्यांना सर्वांत जास्त गरज, तेच रुग्णालयापासून सर्वांत लांब. सरकारी रुग्णालयात पंचवीस वर्षं काढलेल्या कोणत्याही डॉक्टरला हे नव्याने सांगायला नको.

म्हणून त्यांनी आठवड्यातला एक दिवस बाहेर जायला सुरुवात केली. वेल्लोरहून गुडियात्तम साधारण पस्तीस-चाळीस किलोमीटर. आधी बैलगाडीने. 1909 मध्ये फ्रेंच बनावटीची एक छोटी पेजो मोटार मिळाली. त्या भागात मोटार कुणी पाहिलेली नव्हती. भूत आलं म्हणून लोक शेतात पळाल्याच्या गमती नंतर पुष्कळ वर्षं सांगितल्या जात होत्या. पळालेली माणसं परत आली ती मात्र रुग्ण म्हणून. गुडियात्तमला जाता-येता माणसं गाडी अडवू लागली, तेव्हा बाईंनी थांबे ठरवून टाकले. अमुक वडाखाली, तमुक पुलापाशी. तिथे गाडी थांबायची, पेट्या उतरायच्या आणि दवाखाना सुरू व्हायचा. गळवं कापणं, दात काढणं, डोळ्यांत औषध घालणं, जखमा धुऊन पट्ट्या बांधणं, बाळांना औषध पाजणं, आणि ज्याला रुग्णालयातच न्यायला हवं त्याला गाडीत घेणं.

एवढं तर शिबिरातही होतं. फरक आहे तो पुढच्या आठवड्याचा. पुढच्या आठवड्यात त्याच वारी गाडी त्याच झाडाखाली पुन्हा यायची. आणि त्याच्या पुढच्याही.

वैद्यकाच्या दृष्टीने हा फरक किती मोठा आहे, ते सामान्य वाचकाला सहज जाणवत नाही, म्हणून थोडं सविस्तर सांगते. गळू एकदा कापलं की काम संपत नाही. पू निचरा होईपर्यंत पट्टी बदलावी लागते. नाहीतर वरून जखम मिटते आणि आत पुन्हा पू साठतो. त्या काळात या रस्त्यावर कुष्ठरुग्ण मोठ्या संख्येने असत. कुष्ठरोगाचे जंतू नसांवर हल्ला करतात, हातापायांची संवेदना जाते. खडा टोचला, चटका बसला तरी कळत नाही. दुखत नाही म्हणून माणूस त्याच पायावर चालत राहतो आणि जखम हाडापर्यंत जाते. अशा पायाला रोजची काळजी लागते आणि ती कशी घ्यायची हे शिकवणारं माणूस पुन्हापुन्हा भेटावं लागतं. औषध म्हणाल तर तेव्हा चालमोगऱ्याच्या तेलाची इंजेक्शनं होती. दुखरी, गुण बेताचा, आणि तीही महिनोन्महिने नेमाने घ्यायची. आज बहुऔषधी उपचारांनी सहा किंवा बारा महिन्यांत कुष्ठरोग बरा होतो. तरीही मध्येच गोळ्या सुटल्या तर घोटाळा होतोच. क्षयरोगाचं तेच, मधुमेहाचं तेच, माझ्या त्या शेतकऱ्याच्या रक्तदाबाचंही तेच.

आजारांचे दोन प्रकार करायचे झाले तर मी असे करीन: एका भेटीत बरे होणारे आणि दुसरी भेट मागणारे. पहिल्या प्रकारातले फार थोडे.

आणखी एक गोष्ट आहे, ती पुस्तकात नसते. पुन्हा येणाऱ्या डॉक्टरला आपली चूक दिसते. मी दिलेल्या औषधाने अंगावर पुरळ उठलं, मी बांधलेल्या पट्टीखाली जखम सडली, हे पुढच्या आठवड्यात त्याच झाडाखाली बसलेला माणूस दाखवतो. शिबिर करून गेलेल्या डॉक्टरला आपली चूक कधीच कळत नाही. मला माझी कळायला सव्वा वर्ष लागलं, तीही पेशंट लुळा होऊन आला म्हणून.

आयडाबाईंच्या या नेमामागे त्यांची श्रद्धा होती, आणि ती बाजूला ठेवून त्यांचं चरित्र सांगता येणार नाही. ख्रिस्ती शिकवणुकीत शेवटी एक हिशेब द्यायचा असतो. मत्तयच्या शुभवर्तमानात त्याचं वर्णन आहे: भुकेल्याला जेवू घातलं का, तहानलेल्याला पाणी दिलं का, आजाऱ्याकडे गेलात का. तळातल्या माणसासाठी जे केलं किंवा टाळलं, ते थेट प्रभूच्या खात्यात मांडलं जातं. या हिशेबात सणवार कुठेच नाहीत. नाताळात ब्लँकेटं वाटली आणि उरलेले महिने दार बंद ठेवलं, तर ती नोंद अपुरीच. हे काही एका धर्माचंच दुखणं नाही. आपल्याकडेही गणपतीत, जयंतीला, पुढाऱ्याच्या वाढदिवसाला रुग्णांना फळं वाटली जातात. त्या दिवशी वॉर्डात केळ्यांचा ढीग असतो, आणि चौथ्या दिवशी त्याच खाटेवरच्या म्हातारीला कुणी पाणी पाजायला नसतं. आमच्या सिस्टर सांगतील, वर्षातले ते चार-पाच दिवस त्यांना तोंडपाठ आहेत.

मिशनचं काम होतं, म्हणजे धर्मप्रसार हा त्याचा उघड हेतू होता, हेही इथेच सांगायला हवं. ॲनी हॅनकॉक घरोघरी बायकांना भेटायच्या त्या याच कामासाठी. यावर टीका झाली आहे आणि ती समजण्यासारखी आहे. अडलेल्या माणसापुढे औषध आणि धर्म एकत्र ठेवणं मला स्वतःला पटत नाही. पण वेल्लोरला आलेले बहुसंख्य रुग्ण आले तसे हिंदू किंवा मुसलमान म्हणूनच परत गेले, आणि पुढच्या खेपेला पुन्हा आले. महात्मा गांधींनी 1928 मध्ये या संस्थेला भेट दिली होती.

एकटीने हे पुरं पडणार नाही, हे बाईंना लवकर कळलं. आपण आजारी पडलो तर झाडाखाली कोण जाणार? 1909 मध्ये परिचारिकांचं प्रशिक्षण सुरू झालं. मग मुलींसाठी वैद्यकीय शाळा काढायचं ठरलं. मद्रासच्या सर्जन जनरलला यात काही दम वाटत नव्हता, दोन-चार अर्ज आले तरी पुष्कळ, असा त्याचा अंदाज. अर्ज आले 151. ऑगस्ट 1918 मध्ये शाळा सुरू झाली. इमारती नव्हत्या, शिक्षक मोजके, साधनं तुटपुंजी. पहिल्या वर्षाच्या परीक्षेला चौदा मुली बसल्या. इलाख्यातल्या पुरुषांच्या वैद्यकीय शाळांत पाचातला जेमतेम एक पास होत होता. या चौदाच्या चौदा पास झाल्या.

यानंतरची वीस वर्षं इमारती, खाटा आणि पैसा यांची आहेत, ती भरभर सांगते. 1924 मध्ये शहरात मोठं रुग्णालय, 1932 मध्ये गावाबाहेर बागायमला कॉलेजचं आवार. पैसा यायचा तो बराचसा अमेरिकेतल्या चर्चमधल्या महिला मंडळांकडून. लूसी पीबॉडी नावाच्या एका कर्तबगार बाईने 1920 च्या दशकात आशियातल्या सात महिला महाविद्यालयांसाठी मोठी मोहीम चालवली, त्यात वेल्लोर होतं. शेतकऱ्यांच्या बायका, शिक्षिका, विधवा यांनी घरखर्चातून वाचवलेले डॉलर त्यात होते. आयडाबाई दर काही वर्षांनी अमेरिकेला जाऊन गावोगावच्या सभांत उभ्या राहून तुमच्या पैशाचं काय केलं ते सांगायच्या.

आणि मग असा प्रसंग आला की देणाऱ्यांना दिलेला शब्द एकीकडे आणि रुग्णांना दिलेला दुसरीकडे.

1938 च्या सुमारास मद्रास सरकारने ठरवलं की पदविकेचे अभ्यासक्रम बंद. डॉक्टर व्हायचं तर विद्यापीठाची एमबीबीएस पदवीच हवी. निर्णय वैद्यकीयदृष्ट्या योग्यच होता. पण त्यासाठी नवे विभाग, पदव्युत्तर शिक्षण झालेले प्राध्यापक, प्रयोगशाळा, आणखी खाटा लागणार होत्या. वेल्लोरकडे यातलं फार थोडं होतं. नाहीतर कॉलेज बंद. बाईंचं वय तेव्हा सदुसष्ट. सगळ्यांची अपेक्षा होती की त्या आता थांबतील. 1941 मध्ये, महायुद्ध चालू असताना, त्या पुन्हा अमेरिकेला गेल्या आणि चार वर्षं शहरोशहरी फिरल्या.

दक्षिण भारतातल्या अनेक मिशनांना एक सामाईक मोठं वैद्यकीय महाविद्यालय हवं होतं. ते वेल्लोरला आपली माणसं आणि पैसा द्यायला तयार होते, पण मुलांनाही प्रवेश मिळाला तर. आयडाबाईंना हे सुरुवातीला अजिबात मान्य नव्हतं. त्यांचं सगळं आयुष्य बायकांसाठी बायका डॉक्टर तयार करण्यात गेलं होतं. ज्या महिलांनी पैसे दिले ते याच वचनावर दिले होते. पण कॉलेज बंद पडलं तर नव्या डॉक्टर कुठून येणार आणि रुग्णालय किती दिवस टिकणार, हा प्रश्न सुटत नव्हता. शेवटी त्यांनी सहशिक्षण मान्य केलं. लूसी पीबॉडींना हा विश्वासघात वाटला. इतक्या वर्षांची मैत्री तुटली. मंडळांत भांडणं झाली, पत्रांवर पत्रं गेली.

पीबॉडीबाई चूक होत्या असं मला म्हणवत नाही. दिलेल्या पैशाला अट असते आणि ती पाळायची असते, सरकारी नोकरीत तर हे आम्ही पहिल्या दिवसापासून शिकतो. बायकांना शिकवायची हक्काची जागा एकदा वाटून घेतली की पुढे त्यांच्या वाट्याला किती उरेल, ही त्यांची भीतीही खोटी नव्हती. आयडाबाईंनी शब्द मोडला हे खरंच आहे. फक्त दोन हिशेब एकाच वेळी जुळत नाहीत असं दिसल्यावर त्यांनी झाडाखाली बसलेल्या माणसाचा हिशेब आधी धरला. त्याची किंमत त्यांनी मैत्रीत मोजली आणि ती लहान नव्हती.

1942 मध्ये कॉलेजला एमबीबीएसची संलग्नता मिळाली. 1947 मध्ये पहिली मुलं दाखल झाली. बाई 1946 मध्ये निवृत्त झाल्या आणि थोड्याच काळात डॉ. हिल्डा लाझारस यांच्या रूपाने संस्थेची सूत्रं पहिल्यांदा भारतीय हातांत आली. पुढच्या वर्षी, 1948 मध्ये, याच वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी कुष्ठरोगाने वाकड्या झालेल्या हातांवर पुनर्रचनेच्या शस्त्रक्रिया सुरू केल्या. पिढ्यान्‌पिढ्या रस्त्याकडेला पट्टी बांधून घेणाऱ्या हातांना त्यामुळे पहिल्यांदा पेला धरता येऊ लागला.

आयडाबाई उरलेली वर्षं कोडाईकनालच्या बंगल्यात राहिल्या. बाग, पाहुणे, टेनिस सुटल्याची हळहळ. मे 1960 मध्ये त्या गेल्या, नव्वदीला काही महिने उरले असताना. गुडियात्तमच्या वाटेवर के. व्ही. कुप्पम नावाचं गाव लागतं. तिथे 1977 पासून वेल्लोरच्या संस्थेचं ग्रामीण आरोग्य केंद्र आहे. मोटार जिथून धुरळा उडवत जायची, त्याच टापूत.

माझ्या त्या रुग्णांना आता थोडं चालता येतं, वॉकर धरून. काही शब्द परत आले आहेत. त्यांच्या गावाजवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्तदाबाच्या गोळ्या महिन्याच्या महिन्याला फुकट मिळतात, तेव्हाही मिळत होत्या. मला फक्त चिठ्ठीवर केंद्राचं नाव आणि वार लिहायचा होता. तो मी आता लिहिला आहे आणि तिथल्या आशाताईंचा फोन नंबरही त्यांच्या पत्नीच्या मोबाइलमध्ये टाकून दिला आहे. त्या शिबिरात रक्तदाब जास्त निघालेल्या बाकीच्यांची यादी आयोजकांकडे मागितली. तीन आठवड्यांनी मिळाली, नावं चौसष्ट. आशाताई आणि केंद्रातल्या नर्स मिळून एकेक घर गाठताहेत. आतापर्यंत एकोणतीस सापडले. त्यातले नऊ जण गोळ्या घेत होते.

मागच्या आठवड्यात आयोजकांचा फोन आला, यंदाच्या शिबिराची तारीख घ्यायला. मी म्हटलं येते, पण दुसऱ्या महिन्यात आणि तिसऱ्या महिन्यात त्या लोकांना कोण बघणार ते आधी ठरवा. ते म्हणाले, मीटिंगमध्ये विचारून सांगतो.

अजून फोन आलेला नाही. उद्या मीच करणार आहे.